श्रीगुरुचरित्रातील तीन गृहस्थ आणि आपण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी चौरंगावर येते. सप्ताह बसतो. सोवळं, एकभुक्त राहणं, जमिनीवर अंथरूण, हे सगळे नियम आपण वयाला आणि प्रकृतीला झेपेल तसे पाळतो. सात दिवसांनी समाप्ती होते, आरती होते, प्रसाद वाटून होतो. आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर बसलं की कुणीतरी जुनाच प्रश्न काढतो, ‘‘इतकं करूनसुद्धा आमच्याच वाट्याला हे का?’’

हा प्रश्न विचारणारा मनुष्य नास्तिक नसतो. त्याला सख्ख्या भावानेच वाटणीत फसवलेलं असतं. कुणाच्या खोलीत भाडेकरू ठाण मांडून बसलेला असतो. कुणी तीस-पस्तीस वर्षं प्रामाणिक नोकरी केलेली असते आणि शेवटी पदरात ठपका पडलेला असतो. कुणाला पोटच्या मुलाच्या घरातच परकं वाटत असतं. उलट ज्यांनी लबाडी केली त्यांचे बंगले उभे राहिलेले डोळ्यांसमोर दिसतात. अशा माणसाला ‘‘देव बघतोय हो’’ एवढंच म्हणून उठून जाणं बरं नव्हे. म्हणून यंदा या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं, की या प्रश्नाचं उत्तर पोथीतच शोधायचं. मी काही शास्त्री-पंडित नाही. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला, वाणिज्य शाखेचा पदवीधर माणूस. पण पारायणं बरीच झाली आणि कागद नीट वाचायची सवय नोकरीने लावली. त्या सवयीने जे दिसलं ते मांडतो.

श्रीगुरुचरित्रात श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांजवळ संन्यासी येतात, पंडित येतात, राजेही येतात. पण आपल्यासारखे गृहस्थही पुष्कळ येतात. त्यातले तीन मी निवडले आहेत. १४व्या अध्यायातला सायंदेव, १८व्या अध्यायातला घेवड्याच्या वेलाचा ब्राह्मण आणि ४७व्या अध्यायातला गाणगापूरचा शेतकरी. तिघांवरही असं काही ओढवलं, की त्यांनी ‘माझं काय चुकलं?’ असं विचारलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

आपल्यापैकी अनेकांचा रोजचा नेम असतो, संकट टळावं म्हणून १४वा अध्याय आणि दारिद्र्य जावं म्हणून १८वा. नेम चांगलाच आहे. पण वाचताना आपली नजर बहुतेक वेळा शेवटावर असते. सायंदेवाला वस्त्रं मिळाली, ब्राह्मणाला हंडा सापडला, शेतकऱ्याला शतपट पीक आलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की या कथांचा मधला भाग सावकाश वाचावा. संकट येऊन ठेपलेलं आहे, फळाचा पत्ता नाही, आणि शेवट गोड होणार हे त्या माणसाला ठाऊक नाही, अशा वेळी तो कसा वागला? आपण सगळे आयुष्यात त्या मधल्या भागातच उभे असतो.

सायंदेव : बोलावणं आलं त्या दिवशी

सायंदेव हा मूळचा कडगंचीचा, पोटासाठी परगावी चाकरी करणारा. गोदावरीकाठी वासरब्रह्मेश्वर येथे त्याला श्रीगुरूंचं दर्शन झालं. त्याच वेळी तिथे पोटशूळाने जीव नकोसा झालेला एक ब्राह्मण होता. त्याला जेवू घाल, असं श्रीगुरूंनी सायंदेवाला सांगितलं. अन्न हेच ज्याला विषासारखं बाधतं त्याला जेवायला कसं वाढावं, ही शंका सायंदेवाच्या मनात आली आणि त्याने ती बोलूनही दाखवली. पण आज्ञा झाल्यावर त्याने सगळ्यांना घरी नेलं, श्रीगुरूंची पूजा केली, पंगत वाढली आणि रोग्याचा रोगही गेला.

एवढं झाल्यावर सायंदेवाने आपलं दुःख सांगितलं. ज्याची तो चाकरी करत होता तो यवन अधिकारी अतिशय क्रूर होता. दरवर्षी तो एका ब्राह्मणाचा जीव घेत असे, आणि आता त्याने सायंदेवालाच बोलावलं होतं. यात सायंदेवाचा अपराध काहीही नव्हता.

इथे थांबून पाहा. ज्या माणसाला आपलं मरण समोर दिसत होतं त्याने घरी आलेल्या अतिथींना आधी पोटभर वाढलं आणि मग स्वतःची व्यथा मांडली. आपल्या घरी साधी कोर्टाची नोटीस आली तरी पाहुण्याला चहा विचारायचं भान आपल्याला राहत नाही. आणि दुसरी गोष्ट, श्रीगुरूंनी त्याला लपून बस किंवा पळून जा असं सांगितलं नाही. निर्भय होऊन जा, तू परत येईपर्यंत मी इथेच थांबतो, असं अभय दिलं. म्हणजे अधिकाऱ्यासमोर उभं राहणं काही टळलं नाही. तेवढं अंतर सायंदेवाला स्वतःच्या पायांनी, श्रीगुरूंचं स्मरण करत, चालून जावं लागलं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. त्या अधिकाऱ्याला झोपेत भयंकर यातना झाल्या, तो कापत बाहेर आला, सायंदेवाच्या पाया पडला आणि वस्त्रं देऊन त्याला सन्मानाने परत पाठवलं. श्रीगुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे याच सायंदेवाच्या वंशातले. सायंदेव त्या दिवशी भीतीने वाट सोडून गेला असता तर? आपल्या चौरंगावरची पोथी पाहिली की हा विचार माझ्या मनात येतो.

घेवड्याचा वेल : उपकाराची अशी फेड?

दुसरा गृहस्थ कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, अमरापूरचा. वेदपठण केलेला, कुणाची लाचारी न करणारा, मिळेल त्या भिक्षेवर संसार चालवणारा. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी घरातली माणसं घेवड्याच्या शेंगा शिजवून खात. श्रीगुरू त्याच्याकडे भिक्षेला आले, तेव्हा घरात होतं तेच, म्हणजे घेवड्याची भाजी, त्यांना भक्तीने वाढली. श्रीगुरू तृप्त झाले. आणि जाताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला.

मला वाटतं, पोथीतला हा सगळ्यात अवघड प्रसंग आहे. सायंदेवाला छळणारा दुष्ट तरी होता. इथे जेवू घातलेल्या संन्याशानेच घासाचं साधन तोडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर उपकाराची फेड अपकाराने झाली. गृहिणी रडू लागली, मुलं रडू लागली. त्या माउलीला मी दोष देत नाही. चुलीवर काय चढवायचं याची काळजी जिला रोज असते, तिला उद्याचा रिकामा दिवस आधी दिसतो.

पण तिचा नवरा काय म्हणाला? त्याने संन्याशाला शिव्या दिल्या नाहीत. बायकोवरही हात उगारला नाही. मुंगीपासून सगळ्या जिवांच्या अन्नाची सोय ज्याने केली आहे तो आपल्यालाही देईल, जे घडलं ते आपल्या प्रारब्धाचं, दुसऱ्याला बोल लावू नये, अशा अर्थाचं तो समजावून बोलला. त्या क्षणी त्याच्या हातात काहीच नव्हतं. वेल गेलेला, घरात धान्य नाही, मुलं रडताहेत. हंड्याची त्याला स्वप्नातही कल्पना नव्हती. ज्याला हंडा मिळणार हे माहीत आहे त्याच्या शांतपणाला किंमत नसते. याला माहीत नव्हतं, म्हणून त्याच्या शांतपणाला श्रद्धा म्हणायचं.

मग रडत न बसता तो कामाला लागला. उपटलेला वेल त्याने नदीत टाकला, राहिलेलं मूळ काढायला जमीन खणू लागला, आणि तिथे द्रव्याने भरलेला हंडा लागला. पती-पत्नी दोघं धावत श्रीगुरूंकडे गेली आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी ते श्रीगुरूंपासून लपवलं नाही, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. गरिबीत टिकलेलं मन पैसा आल्यावरही टिकलं.

गाणगापूरचा शेतकरी : आधी देणं, मग आज्ञा

तिसरा गृहस्थ माझा विशेष आवडता, कारण याचा व्यवहार चोख आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर श्रीगुरू रोज अनुष्ठानाला जात. वाटेत एका शेतकऱ्याचं शेत लागत असे. पोथीत त्याचं नाव पर्वतेश्वर. श्रीगुरू दिसले की हा हातातलं काम टाकून धावत येई आणि दंडवत घाली. श्रीगुरू माध्यान्ही परतताना पुन्हा तसंच. एके दिवशी श्रीगुरूंनी त्याला काय हवं ते विचारलं. तो म्हणाला, माझ्या पिकावर आपली कृपादृष्टी पडावी. जोंधळ्याचं पीक छान आलं होतं. श्रीगुरूंनी पाहिलं आणि सांगितलं, विश्वास असेल तर मी संगमावरून परत येईपर्यंत हे सगळं पीक कापून टाक.

आता त्याने काय केलं ते नीट पाहा. तो विळा घेऊन लगेच शेतात धावला नाही. आधी गावच्या अधिकाऱ्याकडे गेला. शेताचा खंड गेल्या वर्षाइतकाच घ्या, म्हणाला. पीक यंदा चांगलं आहे, म्हणून अधिकारी तयार होईना. तेव्हा गेल्या वर्षाच्या दुप्पट द्यायचं त्याने कबूल केलं आणि तसं लेखी अभय घेतलं. मग शेत कापलं.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रसंग वाचून हात जोडावेसे वाटतात. गुरूची आज्ञा झाली म्हणून त्याने दुसऱ्याचं देणं बुडवलं नाही. आपल्या श्रद्धेचा खर्च त्याने दुसऱ्याच्या खात्यावर टाकला नाही. आपण मात्र पुष्कळदा उलट करतो. घरातल्या अडचणीचं कारण सांगून कामवालीचा पगार थकवतो, आपल्यावर अन्याय झाला म्हणून तिसऱ्याच माणसाशी वाकडे वागतो, आणि वर म्हणतो, देव सगळं बघून घेईल.

कापणी सुरू झाल्यावर बायको-मुलं विनवण्या करू लागली, रडू लागली, शेवटी अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन गेली. अधिकाऱ्याने बोलावून विचारलं. शेतकरी शांतपणे म्हणाला, घरात साठवलेलं धान्य आहे, त्यातून तुमचं देणं चुकतं करतो. मग गावाने त्याला वेडा ठरवलं. आणि श्रीगुरू परत आले तेव्हा काय म्हणाले? मी सहज विनोदाने म्हटलं होतं, तू उगाच कापलंस! दत्तभक्तहो, यापुढची परीक्षा कोणती असेल? ज्याच्या शब्दावर सर्वस्व पणाला लावलं त्यानेच हात झटकले असं दिसतं आहे. तरी हा म्हणाला, तुमचा शब्द हीच माझी चिंता हरण करणारी वस्तू. घरी गेल्यावर बायको-मुलांचीही त्याने समजूत घातली.

काही दिवसांनी त्या भागात थंड वारा सुटला आणि सगळ्यांची उभी पिकं गेली. नंतर पाऊस पडला आणि याच्या शेतातल्या राहिलेल्या बुंध्यांना नवे धुमारे फुटले. अमाप पीक आलं. तेव्हा हा पुन्हा अधिकाऱ्याकडे गेला आणि ठरल्यापेक्षा जास्त, निम्मा वाटा घ्या म्हणाला. अधिकाऱ्याने नकार दिला. कबूल झालं होतं तेवढंच त्याने घेतलं. एक द्यायला तयार, दुसरा जास्तीचं घ्यायला नाही. उरलेल्यातून शेतकऱ्याने दानधर्म केला.

पृथ्वी हा पहिला गुरू

या तिघांना जोडणारं सूत्र कुठे सापडतं, म्हणून मी भागवताच्या अकराव्या स्कंधाकडे वळलो. यदुराजाला भेटलेल्या अवधूताने तिथे आपले २४ गुरू सांगितले आहेत. दत्तसंप्रदायात हा अवधूत म्हणजे साक्षात दत्तप्रभू असं आपण मानतो. याच अकराव्या स्कंधावर संत एकनाथांनी आपलं ‘एकनाथी भागवत’ लिहिलं आणि १५७३ साली काशीत ते पूर्ण केलं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीवरचे थोर दत्तभक्त. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

चोवीस गुरूंमध्ये पहिला मान पृथ्वीचा. लोक तिला तुडवतात, नांगरतात, खणतात. अवधूत तिच्याकडून काय शिकला? केवळ ‘सहन कर’ एवढंच नाही. त्रास देणारे जीवही दैवाच्या अधीन आहेत हे ओळखून आपण आपला मार्ग सोडू नये, हा तो धडा आहे. यात सोसणं आहे आणि मार्ग न सोडणंही आहे, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. नुसतं सोसून आतून कडवट झालेली माणसं आपण पाहतो. तोंडाने काही बोलत नाहीत, पण मनात रोज शाप देत असतात. त्यांनी मार्ग सोडलेला असतो, फक्त दिसत नाही. जमीन नांगरली तरी पुढच्या हंगामात पीकच देते.

सायंदेवाने आतिथ्य सोडलं नाही, ब्राह्मणाने वाणी बिघडू दिली नाही, शेतकऱ्याने देणं चुकवलं नाही. तिघांचाही मार्ग सुटला नाही. माझ्या मते ‘देवावर विश्वास’ या शब्दांचा रोजच्या व्यवहारातला अर्थ हाच आहे. निकाल देवाच्या हाती आहे असं खरोखर वाटत असेल, तर निकालासाठी वाकडी वाट धरावी लागत नाही. ज्याला आतून शंका असते तोच खोटा कागद करायला धजतो.

मग अन्याय निमूटपणे सोसायचा का?

कट्ट्यावर हा प्रश्न हमखास येतो. उत्तर पोथीतच आहे. शेतकऱ्याने अधिकाऱ्याकडून लेखी घेतलं. सायंदेवाने आपलं भय श्रीगुरूंना स्पष्ट सांगितलं. गप्प राहणं म्हणजे भक्ती, असं श्रीगुरुचरित्र कुठेही शिकवत नाही.

म्हणून वाटणीत फसवणूक झाली असेल तर दस्त काढावेत, वकील गाठावा. निवृत्तिवेतनाची थकबाकी अडली असेल तर अर्ज करावा आणि पोच घ्यावी. म्हातारपणी मुलं सांभाळत नसतील तर २००७ सालचा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते. ‘सांभाळ करीन’ या अटीवर मुलाला घर बक्षीसपत्राने दिलं असेल आणि त्याने अट पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोयही त्या कायद्यात आहे. आपला न्याय्य हक्क मागणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. मात्र अर्जात खोटं लिहू नये, नसलेला साक्षीदार उभा करू नये, आणि निकाल लागेपर्यंत समोरच्याची गावभर बदनामी करत फिरू नये. भांडण हक्काचं असावं, पण भाषा आणि साधनं आपल्या संस्काराची असावीत.

हंडा निघाला नाही तर?

आता खरा अवघड मुद्दा. तिन्ही कथांमध्ये शेवट गोड झाला. आपल्या आयुष्यात तो होतोच असं नाही. याबद्दल पुस्तकी बोलण्यापेक्षा स्वतःवर गुजरलेलं थोडक्यात सांगतो.

संगणक येण्याआधीची गोष्ट. मी होतो त्या शाखेत एका दिवसाच्या व्हाउचरांच्या बंडलातून पैसे काढल्याचं एक व्हाउचर गहाळ झालं. बंडल मी पुढे सोपवलं होतं आणि त्याची नोंद वहीत होती. पण चौकशीच्या वेळी नेमकं त्या वहीचं ते पान मिळालं नाही. मला मेमो मिळाला. मी मुद्देसूद लेखी खुलासा दिला. तेव्हा एका हितचिंतकाने सुचवलं, ‘‘बंडलं शिवतो तो दफ्तरी. त्याचं नाव पुढे कर. तो कमी शिकलेला, त्याला उत्तर देता येणार नाही, तू सुटशील.’’ ते व्हाउचर दफ्तऱ्याने काढलं असेल असं समजायला माझ्याकडे काडीचाही आधार नव्हता. त्याच्या हातात दिलेलं तो शिवत असे, एवढंच.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पगार कमी आला तर आमटी पातळ करू. पण त्याच्या मुलांचा घास आपण काढायचा नाही.’’ विषय संपला. मी दफ्तऱ्याचं नाव घेतलं नाही.

यानंतर माझी निर्दोष सुटका झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं घडलं नाही. एक वेतनवाढ रोखली गेली, तीही पुढे परिणाम राहील अशा रीतीने. बँकेतल्या वाचकांना याचा अर्थ कळेल. एका वाढीचा फरक दरवर्षी सोबत येतो, महागाई भत्त्यात येतो, आणि शेवटी निवृत्तिवेतनातही येतो. मी रीतसर अपील केलं, ते फेटाळलं गेलं. घरापासून लांबच्या शाखेत बदली झाली. बढतीच्या वेळी तो कागद आडवा आला. ते व्हाउचर पुढे कधी सापडलं नाही आणि ‘तुमची चूक नव्हती’ असं मला कुणी कधी म्हटलं नाही. माझ्या वेलाच्या मुळाशी हंडा निघाला नाही.

झालं ते नुकसानच होतं. त्याला ‘देवाने दिलेला आशीर्वाद’ असं गोड नाव मी देत नाही. मुलीच्या शिक्षणाच्या वेळी त्या पैशांची उणीव आम्हाला भासली. पण त्या लांबच्या शाखेतही संध्याकाळी रोकड जुळवताना माझा हात कापला नाही. नव्या साहेबांनी किल्ली सोपवली तेव्हा ती घेताना मान खाली घालावी लागली नाही. दफ्तरी नोकरी पूर्ण करून, ग्रॅच्युइटी घेऊन सन्मानाने निवृत्त झाला. त्याचं नाव कधी काळी कुणाच्या तोंडी आलं होतं, हे त्याला ठाऊकही नाही. तो रस्त्यात भेटला आणि ‘‘साहेब, बरे आहात ना?’’ म्हणाला, की मी त्याच्याशी मोकळेपणाने बोलू शकतो.

त्या काळात मी १८वा अध्याय रोज वाचत असे. पहिले काही महिने मन शेवटच्या हंड्याकडेच धावायचं. आज ना उद्या वरून पत्र येईल, असं वाटायचं. पुढे पुढे मात्र मी त्या ब्राह्मणाच्या बोलण्यापाशी थांबू लागलो. वेल गेलेला आहे, हंडा अजून दिसलेला नाही, आणि तो बायकोला समजावतो आहे. तो ब्राह्मण मला जवळचा वाटू लागला. दत्तगुरूंनी माझी वाढ परत दिली नाही. पण माझ्या हातून एका गरिबाचं वाईट होऊ दिलं नाही, ही कृपा मी मानतो. मेमो लिहिणाऱ्यांचा हिशेब वेगळा होता. माझा हिशेब ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून वहीचं पान हरवत नाही, ही माझी श्रद्धा आहे.

नेमात धरण्यासारख्या गोष्टी

अभ्यास म्हटला की शेवटी आचरण आलं. तीन गृहस्थांवरून मला उमगलेल्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

पहिली, अडचणीच्या काळात आपल्याकडून दुसऱ्याला जे देणं आहे ते आधी चुकतं करावं. दूधवाला, कामवाली, वाणी, सोसायटीची वर्गणी. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा भार त्यांच्यावर जाऊ देऊ नये. ही पर्वतेश्वराची शिकवण.

दुसरी, घरात बोलताना जपावं. बाहेरचा राग घरच्यांवर काढायचा नाही आणि नातवंडांसमोर भावाला, सुनेला किंवा साहेबाला शिव्याशाप द्यायचे नाहीत. मुलं वाटणीचा दस्त वाचत नाहीत, आपली भाषा मात्र उचलतात. ही अमरापूरच्या ब्राह्मणाची शिकवण.

तिसरी, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये. स्वतःचं दुःख कितीही मोठं असलं तरी समोरच्याची भूक आधी विचारावी. दुसऱ्यासाठी ताट वाढताना आपलं भय थोडं कमी होतं, हा अनुभव घेऊन पाहावा. ही सायंदेवाची शिकवण.

चौथी, नित्यनेम मोडू नये, आणि तो सौदा म्हणूनही करू नये. ‘इतकी पारायणं केली, आता इतकं मिळालं पाहिजे’ हा ठेवीच्या व्याजाचा हिशेब झाला. तो काउंटरवर ठीक आहे, औदुंबराखाली नाही. आपला नेम फळासाठी उसना दिलेला नसावा. वाईट दिवसांत पाय घसरू नये म्हणून धरलेला तो हात असावा.

यंदाच्या सप्ताहात एक करून पाहावं. पारायण ठरल्याप्रमाणे पूर्ण करावंच. पण समाप्तीनंतर एखाद्या संध्याकाळी १४, १८ आणि ४७ हे तीन अध्याय पुन्हा काढून बसावं. सायंदेव घरातून निघाला तिथे, वेल उपटल्यावर ब्राह्मण बोलू लागतो तिथे, आणि श्रीगुरू ‘विनोदाने म्हटलं होतं’ म्हणतात तिथे क्षणभर थांबावं. पुढचं वाचायच्या आधी स्वतःला विचारावं, इथे मी असतो तर काय बोललो असतो? घरात दोघं-चौघं असतील तर मोठ्याने वाचून एकमेकांनाही विचारावं. मग पुढचं वाचावं.

ज्यांच्यावर आज असा काही प्रसंग आहे आणि जे रात्री कूस बदलत पडतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. हक्कासाठी जरूर भांडा, कागद सांभाळा, पण आपला मार्ग सोडू नका. सायंदेवाला अधिकाऱ्यापर्यंत एकट्यालाच चालत जावं लागलं, पण तो परत येईपर्यंत श्रीगुरू तिथेच थांबले होते.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥